नावामागचा पत्ता लपवू नका: ई-मेल सेवा चालवणाऱ्यांना खुलं पत्र

ई-मेल सेवा चालवणाऱ्या आणि मेलची अ‍ॅप बनवणाऱ्या सर्व कंपन्यांच्या प्रमुखांना,

सप्रेम नमस्कार.

माझी मोठी बहीण एका संस्थेचे हिशेब सांभाळते. तिला दिवसाला ४०-५० मेल येतात. बहुतेक बिलांचे, पावत्यांचे, थकबाकीच्या स्मरणपत्रांचे. गेल्या वर्षी एका दुपारी त्यातच एक मेल आला: तुमच्या मेलबॉक्समधली जागा संपत आली आहे, आज रात्रीपर्यंत खातं पडताळून घेतलं नाही तर येणारे मेल परत जातील. पाठवणाऱ्याच्या जागी तिच्या मेल सेवेचं नाव होतं. महिनाअखेर होती, बिलं यायची होती, मेल परत गेले असते तर तिची पंचाईत झाली असती.

ताईने लिंक दाबली. उघडलेलं पान हुबेहूब नेहमीचं होतं आणि त्यात तिचा ई-मेल पत्ता आधीच भरलेला होता. तिने पासवर्ड टाकला. पासवर्ड चुकला, असं पानावर आलं. तिने सावकाश, एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. मग तिचा इनबॉक्स उघडला, खराखुरा इनबॉक्स, कारण ती आधीपासून लॉग-इन होतीच. तिला वाटलं, काम झालं. पासवर्ड दोनदा का मागितला, हे मला नंतर कळलं. पहिल्यांदा घाईत एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल, दुसऱ्यांदा माणूस जपून टाकतो, म्हणून चोर दोनदा मागतो.

पुढचे नऊ दिवस तिला दिसेल असं काहीच घडलं नाही. नंतर लॉग-इनच्या नोंदी पाहिल्या तेव्हा समजलं की ते नऊ दिवस कुणीतरी तिचे जुने मेल वाचत बसलं होतं. संस्थेला कोण पैसे देतं, बिलं कोणत्या तारखेला जातात, ताई पत्राची सुरुवात कशी करते, शेवट कसा करते, सगळं. दहाव्या दिवशी तिच्याच खात्यातून, तिच्याच जुन्या पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून, संस्थेला पैसे देणं लागणाऱ्या एका कंपनीला मेल गेला: आमचं बँक खातं बदललं आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यात भरावी. त्या कंपनीतल्या माणसाला शंका आली होती. त्याने उलट मेल करून विचारलंही होतं. तो मेल ताईला दिसलाच नाही. चोराने तिच्या मेलबॉक्समध्ये एक नियम लावून ठेवला होता, की त्या कंपनीकडून येणारं सगळं थेट एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये जावं आणि त्यावर 'वाचलेलं' अशी खूण व्हावी. शंकेचं उत्तर चोरानेच दिलं, ताईच्या नावाने, ताईच्या भाषेत. पैसे गेले ते परत आले नाहीत.

चौकशी झाली तेव्हा ताईला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं: "नीट बघायला हवं होतं." हे पत्र मी त्या वाक्यामुळे लिहिते आहे. तिने काय बघायला हवं होतं, आणि तुम्ही ते तिला दाखवलं होतं का, एवढंच मला तुम्हाला विचारायचं आहे.

मी काही वर्षं एका छोट्या संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळत होते. त्यामुळे तुमचं काम किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. येणाऱ्या मेलच्या लोंढ्यातून तुम्ही किती घाण रोज बाहेरच्या बाहेर अडवता, हे मेल वाचणाऱ्याला कधीच कळत नाही. त्याबद्दल मनापासून आभार. पण अडवूनही जे आत येतं, त्याच्या बाबतीत तुम्ही वाचणाऱ्याला एकटं सोडता.

हा प्रकार उघडकीस आला त्या संध्याकाळी मी ताईचा फोन घेऊन बसले. तो मेल अजून तिथेच होता. वर ठळक अक्षरांत सेवेचं नाव, त्याखाली बारीक करड्या अक्षरांत 'मला', आणि त्यापुढे मुगाएवढा एक बाण. पडद्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता कुठेही नव्हता. मी तो बाण दाबला. पहिल्यांदा बोट चुकून मेलवरच पडलं, दुसऱ्यांदा जमलं. पत्ता उलगडला आणि त्यात त्या सेवेच्या नावाचा मागमूस नव्हता. भलत्याच कुठल्यातरी दुकानाच्या डोमेनवरचा, म्हणजे '@' नंतर त्या दुकानाचं नाव असलेला, पत्ता होता तो. ताई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "हे मला दिसलं असतं तर मी दाबलंच नसतं गं."

मग मी संगणकावर जाऊन मेलचा मूळ मजकूर उघडला. तपासणीच्या ओळीत लिहिलं होतं: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. तिन्ही परीक्षांत तो मेल उत्तीर्ण होता. ज्यांना या तीन नावांचा परिचय नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पोचवण्याचे, नियम लिहिले आणि आजही मेल मुळात त्याच पद्धतीने जातात. तेव्हाचं जाळं लहान होतं, बहुतेक लोक संशोधन संस्थांमधले, एकमेकांवर विश्वास ठेवणारे. त्यामुळे पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची सोय त्या नियमांत नव्हती. टपालासारखंच समजा. पाकिटावर एक पत्ता असतो आणि आतल्या कागदाच्या डोक्यावर नाव असतं. पोस्टमनचा संबंध पाकिटाशी, वाचणाऱ्याची नजर कागदावर. दोन्ही जुळतात का, हे कुणीच पाहत नव्हतं. पुढे २००६ साली एसपीएफचा आराखडा प्रसिद्ध झाला: पाकिटावरच्या डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, याची जाहीर यादी. २००७ साली डीकेआयएम आलं: मेलवर डोमेनची डिजिटल सही. आणि २०१२ साली डीमार्क आलं. पाकीट किंवा सही, यांपैकी निदान एक गोष्ट कागदावरच्या पत्त्याशी जुळते का, आणि नाही जुळली तर काय करायचं, हे त्यात ठरतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. जीमेलच्या बाबतीत दिवसाला ५,००० मेल ही त्याची मर्यादा आहे. मे २०२५ पासून आउटलुकनेही तसंच केलं. चांगलं झालं, आणि दहा वर्षं आधी झालं असतं तर फार चांगलं झालं असतं.

पण या तिन्ही परीक्षांत एकच प्रश्न विचारला जातो: हा मेल खरंच या डोमेनवरून आला का? ताईला आलेला मेल खरंच त्या दुकानाच्या डोमेनवरून आला होता. चोराने ते डोमेन बळकावलेलं असेल किंवा विकत घेतलेलं असेल, सही बरोबर होती, यादी बरोबर होती, म्हणून तिन्ही वेळा पास. खोटं फक्त एका ठिकाणी होतं, त्या ठळक अक्षरांतल्या नावात. त्या नावाची परीक्षा कुणीच घेत नाही. तिथे कुणीही काहीही लिहावं. बँकेचं नाव लिहावं, तुमचं लिहावं, ताईच्या वरिष्ठांचं लिहावं. म्हणजे जे तपासलेलं आहे ते तुम्ही बाणामागे झाकता आणि जे कुणीही तपासलेलं नाही ते ठळक छापता. जागा कमी पडते, पत्ते लांब आणि कुरूप असतात, पडदा स्वच्छ दिसला पाहिजे, ही कारणं मी तुमच्या क्षेत्रातल्या लोकांकडून ऐकली आहेत. ताईच्या शेजारी बसून ती मला पटली नाहीत.

ही चूक नवीनही नाही. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा मेल जगभर पसरला तेव्हा त्याला जोडलेल्या फाइलचं नाव शेवटी 'टीएक्सटी' असलेल्या साध्या मजकुराच्या फाइलसारखं दिसत होतं. खरं नाव त्यापुढे आणखी तीन अक्षरांनी लांब होतं आणि ती फाइल म्हणजे चालू होणारा प्रोग्राम आहे, हे त्या तीन अक्षरांतच होतं. पण ओळखीच्या प्रकारच्या फाइलची शेवटची अक्षरं लपवायची, अशी विंडोजची मूळ मांडणी होती. लोकांनी प्रेमपत्र समजून उघडलं आणि संगणकावरच्या फाइली गमावल्या. तेव्हाही लोकांनाच नावं ठेवली गेली. नावातला जो तुकडा धोका सांगत होता, तोच तुकडा पडद्यावरून काढून टाकलेला होता.

आता तुम्ही म्हणाल, पत्ता दाखवला तरी लोक फसतातच. खरं आहे. २००६ साली रचना धमीजा, डग टायगर आणि मार्टी हर्स्ट यांनी २२ जणांना खरी-खोटी संकेतस्थळं ओळखायला दिली. त्यातल्या सगळ्यात सफाईदार बनावट पानाने दहातल्या नऊ जणांना फसवलं. त्या पानाच्या पत्त्यात बँकेच्या नावातल्या 'डब्ल्यू'च्या जागी दोन 'व्ही' शेजारी शेजारी लिहिले होते. रोमन लिपीतले 'आर' आणि 'एन' चिकटून आले की 'एम' दिसतात, हीसुद्धा तशीच युक्ती. २०१७ साली तर शुडोंग झेंग या संशोधकाने अ‍ॅपलच्या पत्त्यासारखा दिसणारा आख्खा पत्ता सिरिलिक (रशियन भाषेच्या लिपीतल्या) अक्षरांत नोंदवून दाखवला. काही ब्राउझरमध्ये त्या दोन पत्त्यांत डोळ्याला काहीही फरक कळत नव्हता. क्रोमने तो प्रकार ५८व्या आवृत्तीत बंद केला.

यातून मी जो अर्थ काढते तो असा: डोळ्याला न्यायाधीश करू नका, पण डोळ्याला साक्षीला तरी बोलवा. ताईच्या मेलमध्ये 'व्ही'ची युक्ती नव्हती, सिरिलिक नव्हतं. सगळं उघड होतं, फक्त झाकलेलं होतं. आणि जिथे डोळा पुरत नाही तिथे तुमचं यंत्र पुरतं. हा पत्ता तिच्या नेहमीच्या पत्त्यांपैकी एकाशी एका अक्षराने जुळत नाही, हे यंत्राला क्षणात कळतं. या पत्त्यावरून तिला याआधी एकही मेल आलेला नाही, हे तुमच्याकडे नोंदलेलं असतं. वर नाव एका सेवेचं आणि पत्ता भलत्याच डोमेनचा, हेही दिसतं. मग ते तिला सांगा. 'हा मेल धोकादायक असू शकतो' अशी पिवळी पट्टी नको. ती दहा मेलवर लावलीत की अकराव्यावर कुणी वाचत नाही. 'या पत्त्यावरून तुम्हाला आजवर एकही मेल आलेला नाही', एवढंच लिहा. ते खरं असतं, पडताळता येतं, आणि माणूस क्षणभर थांबतो. आणि ते वाचणाऱ्याच्या भाषेत लिहा. अ‍ॅपचं सगळं रूप मराठीत असतं आणि नेमकी धोक्याची पाटी इंग्रजीत येते, हे मी स्वतः पाहिलं आहे. जिथे समजणं सगळ्यात गरजेचं, तिथेच भाषा बदलते.

पूर्वी भाषाच चोराला पकडून द्यायची. 'प्रिय मूल्यवान ग्राहक, आपले खाते निलंबन होण्यात येत आहे' असली मोडकीतोडकी मराठी वाचली की मुलंसुद्धा ओळखायची. आता यंत्राकडून शुद्ध, सभ्य, कचेरीतल्या वळणाची मराठी हवी तेवढी लिहून मिळते. व्याकरणाच्या चुका शोधा, हा सल्ला आता निकामी झाला आहे. तो तुमच्या मदतीच्या पानांवर अजून असेल तर काढून टाका, कारण त्याचा उलटा अर्थ लोक लावतात: भाषा चांगली आहे, म्हणजे मेल खरा.

प्रशिक्षणाबद्दलही मला बोलायचं आहे. ताईच्या संस्थेने या प्रकारानंतर सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवला आणि सह्या घेतल्या. आता मधूनमधून खोटे मेल पाठवून परीक्षा घेतात, जो चुकेल त्याचं नाव वरिष्ठांकडे जातं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतल्या १४,००० हून अधिक कर्मचाऱ्यांवर १५ महिने असाच अभ्यास केला आणि २०२१ साली निष्कर्ष मांडले. चूक झाल्यावर लगेच धडा दाखवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने लोक सावध झाले नाहीत, उलट काही बाबतींत जास्त चुकले. उपयोगी पडल्या त्या दोन गोष्टी: मेलवरच दिलेली सूचना, आणि संशयास्पद मेल कळवण्याचं सोपं बटण. कर्मचाऱ्यांनी कळवलेल्या मेलमुळे नवे हल्ले लवकर लक्षात आले आणि महिनोन्महिने लोक न कंटाळता कळवत राहिले.

ते बटण तुमच्या अ‍ॅपमध्ये कुठे आहे, ते एकदा शोधून पाहा. ताईच्या फोनवर तीन ठिपके, त्याखाली लांब यादी, यादी वर सरकवली की तळाशी. पुसून टाकायचं बटण मात्र वर, अंगठ्याखाली. म्हणून लोक पुसतात आणि पुढच्या माणसाला तोच मेल जातो. आणि कष्टाने कळवलंच, तर पुढे काय झालं हे कधी कळत नाही. 'तुम्ही कळवलेला मेल फसवा निघाला, तो इतर लोकांच्या इनबॉक्समधूनही काढला' एवढी एक ओळ उलट आली, तर ताईसारखी माणसं रोज कळवतील. तिला दोषी ठरवणारे खूप भेटले, तिची मदत कुणी मागितली नाही.

जाणकाराला विचारून खात्री करा, हाही सल्ला सगळे देतात. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाला, जॉन पोडेस्टा यांना, गूगलच्या नावाने मेल आला की कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरला आहे, तो ताबडतोब बदला. त्यांच्या कचेरीने तसं विचारलंही होतं. संगणक विभागातल्या माणसाने उत्तर लिहिलं की मेल खरा आहे. त्याला खोटा लिहायचं होतं, घाईत शब्द उलटा पडला, असं त्याने नंतर सांगितलं. त्याच उत्तरात पासवर्ड बदलायची खरी लिंकही त्याने दिली होती. दाबली गेली ती मूळ मेलमधली, आणि हजारो मेल बाहेर आले. इतक्या मोठ्या जागी, विचारून-सवरून हे होतं. मग ताईने महिनाअखेरीच्या दुपारी कुणाला विचारायचं होतं?

आता ज्या प्रामाणिक संस्था मेल पाठवतात त्यांच्याबद्दल. तुम्ही म्हणता, लिंकवर बोट दाबून धरा, खरा पत्ता दिसेल, मगच उघडा. मी ताईच्या इनबॉक्समधले २० खरे मेल घेतले आणि तसं करून पाहिलं. बहुतेकांतली लिंक त्या संस्थेच्या डोमेनवर जातच नव्हती. कोणी किती वेळा दाबलं हे मोजणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावर आधी जायची आणि तिथून पुढे. काही मेल तर संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरून आलेलेच नव्हते. शिवाय ताईच्या कचेरीत सुरक्षेसाठी म्हणून प्रत्येक लिंक बदलून लिहिणारी एक व्यवस्था आहे, तिच्यामुळे उरलेल्यांचाही मूळ पत्ता झाकला जातो. खरे मेल खोट्यासारखे वागू लागले की पत्ता बघायची सवय लागणार कशी? लोकांना आम्ही दहा वर्षं शिकवतो आहोत की अनोळखी पत्त्याची लिंक दाबली तरी काही बिघडत नाही, आणि मग एका दुपारी त्यांना दोष देतो. हे तुम्ही थांबवू शकता. फेब्रुवारी २०२४ पासून तुम्ही नियम लावलात की सही आणि यादी नसेल तर मेल घेणार नाही, आणि मोठमोठे पाठवणारे मुकाट्याने वळणावर आले. तसंच आता सांगा की मेलमधली लिंक पाठवणाऱ्याच्याच डोमेनवर उघडली पाहिजे. मोजायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या डोमेनवर मोजावं, ते करता येतं. आणि डीमार्कमध्ये 'नापास झाला तरी काही करू नका' असं लिहून अनेक डोमेन नुसती नियमाची पूर्तता करतात. निदान जी पैशांचे व्यवहार करतात, त्यांच्याकडून 'नाकारा' असं लिहून घ्या.

पासवर्डची गोष्ट उरली. ताईला आता दोन टप्प्यांची पडताळणी लावून दिली आहे, पण फोनवर येणारा आकडा हे काही कवच नाही. बनावट पान तो आकडाही मागतं आणि त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकून आत शिरतं. पासकी (पासवर्डऐवजी वापरायची, फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा सुरक्षा-किल्ली (तेच काम करणारं छोटं उपकरण) यांचं तसं नसतं. ती तयार होतानाच खऱ्या डोमेनशी बांधली जाते. बनावट पानावर ती चालतच नाही, माणसाने कितीही विश्वास ठेवला तरी. २०१७ च्या सुरुवातीला गूगलने स्वतःच्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या आणि त्यानंतर कामाच्या एकाही खात्यावर फिशिंगने, म्हणजे असे फसवे मेल आणि बनावट पानं वापरून, ताबा मिळवला गेला नाही, असं २०१८ मध्ये सांगितलं. जुलै २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअरच्या कर्मचाऱ्यांना फोनवर फसवे संदेश आले. तिघांनी बनावट पानावर पासवर्ड टाकला. सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपनीतली ती माणसं होती, तीही चुकली. पण किल्लीशिवाय आत जाता येत नव्हतं, म्हणून चोर बाहेरच राहिला. तिथे चुकणाऱ्यांवर कंपनीने ठपका ठेवला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या स्वतःच्या माणसांना जे संरक्षण तुम्ही सक्तीने देता, ते ताईला सेटिंगच्या चौथ्या पायरीवर का शोधावं लागावं? खातं उघडतानाच द्या. आणि फोन हरवला, पाण्यात पडला, तर खातं परत कसं मिळेल, हे साध्या शब्दांत आधीच सांगा. लोक या भीतीनेच पासकीला हात लावत नाहीत आणि ती भीती खोटी नाही.

शेवटची गोष्ट त्या लपवलेल्या नियमाची. पासवर्ड त्याच रात्री बदलला होता. सगळीकडून लॉग-आउट केलं होतं. ताईला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी मी सेटिंगमध्ये दुसरंच काही शोधत होते तेव्हा मला तो नियम दिसला. त्याला नाव म्हणून नुसता एक पूर्णविराम दिलेला होता. यादीत तो डोळ्यांत भरूही नये, असा. तोपर्यंत त्या कंपनीचे सहा मेल त्या फोल्डरमध्ये जाऊन पडले होते. शेवटच्या दोन मेलमध्ये ते लोक ताईला विनवत होते की कृपा करून फोन तरी उचला. मेल बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्ड व्हायला लागले तर काही सेवा सूचना देतात. पण आतल्या आत मेल दडवणाऱ्या नियमाबद्दल तिच्या सेवेने तिला चकार शब्दही सांगितला नव्हता. नवा नियम लागला की मालकाला कळवा, इनबॉक्सच्या माथ्यावर, निदान आठवडाभर. आणि धोक्यामुळे कुणी पासवर्ड बदलत असेल, तर त्याच पानावर सगळे नियम, सगळे फॉरवर्ड, जोडलेली सगळी अ‍ॅप त्याच्यासमोर मांडा आणि प्रत्येकाबद्दल विचारा: हे तुम्ही लावलं आहे का?

ताई अजून त्याच टेबलावर काम करते. आता ती प्रत्येक मेलवरचा तो बारीक बाण दाबून पत्ता बघते, मग मेल वाचते. दिवसाला ४०-५० वेळा. चष्मा कपाळावरून खाली घ्यायचा, बाण शोधायचा, दाबायचा, पत्ता वाचायचा, परत मिटायचा. कामाचा वेग कमी झाला म्हणून तिला बोलणीही बसली आहेत. वर मागितलेल्या बाकीच्या गोष्टींना वेळ लागेल, हे मी समजू शकते. पत्ता नावाशेजारी लिहायला किती दिवस लागतील, तेवढं कळवा.

उत्तर जरूर पाठवा. त्यात लिंक टाकू नका, आणि तुमच्या स्वतःच्या डोमेनवरूनच पाठवा.

आपली,
ई-मेल वापरणाऱ्या एका बहिणीची धाकटी बहीण